नव्या लॅपटॉपवरून जुन्या स्विचवर एसएसएच लॉगिन होत नाही. व्हीपीएनवरून नवे सर्व्हर अडकतात

कळफलक (प्रश्न)

नमस्कार. चाकणचा एक कारखाना आणि पुण्यातील त्याचे कार्यालय यांचे नेटवर्क सांभाळणाऱ्या पाच जणांच्या गटात मी काम करतो. गेल्या महिन्यात आमचे लॅपटॉप बदलले. आधी सर्वांकडे उबुंटू २०.०४ होते, म्हणजे ओपनएसएसएच ८.२ (एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन करण्याचा कार्यक्रम). आता तिघांकडे उबुंटू २४.०४ आणि त्यासोबतचे ओपनएसएसएच ९.६ आहे, तर दोघांकडे रेड हॅट ९ आणि ओपनएसएसएच ८.७ आहे. तेव्हापासून पुढील अडचणी येत आहेत.

कारखान्यातील १४ जुन्या स्विचवर लॉगिन करताना आधी ‘की-एक्स्चेंजची जुळणारी पद्धत सापडली नाही’ असा संदेश येतो (की-एक्स्चेंज म्हणजे जोडणीची गुप्त किल्ली ठरवणे). इंटरनेटवर शोधून ती पद्धत आज्ञेत जोडली, तर ‘होस्ट-कीचा जुळणारा प्रकार सापडला नाही, समोरून प्रस्ताव एसएसएच-आरएसए’ असे दिसते (होस्ट-की म्हणजे समोरच्या यंत्राची ओळख पटवणारी किल्ली). तोही प्रकार जोडल्यावर उबुंटूवरून लॉगिन होते, पण रेड हॅटवरून ‘लिबक्रिप्टोमध्ये त्रुटी’ एवढेच सांगून जोडणी तुटते. एका जुन्या सर्व्हरवर ओपनएसएसएच ५.३ आहे. तेथे अशाच सवलती देऊन जोडणी होते आणि पासवर्डही चालतो, पण पासवर्डऐवजी वर्षानुवर्षे वापरात असलेली माझी आरएसए किल्ली स्वीकारली जात नाही.

शेवटची अडचण सर्वांत गोंधळात टाकणारी आहे. उबुंटूचा लॅपटॉप घरून व्हीपीएनने जोडला, तर याच वर्षी उभारलेल्या सर्व्हरवर जाताना कोणतीही त्रुटी न दाखवता जोडणी थिजून राहते. तोच लॅपटॉप कार्यालयात आणला की लगेच लॉगिन होते, आणि व्हीपीएनवरूनही जुने सर्व्हर व्यवस्थित उघडतात.

गटातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत आहे की सर्व जुन्या पद्धती सर्व यजमानांसाठी (ज्यांवर लॉगिन करतो त्या यंत्रांसाठी) एकदाच सुरू करून टाकाव्यात. व्यवस्थापनाला लॅपटॉप पुन्हा जुन्या आवृत्तीवर न्यावेत असे वाटते. यांपैकी कोणते योग्य, की आणखी काही मार्ग आहे?

रात्रपाळी

दोन्ही मार्ग टाळावेत असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही ज्याला एक समस्या समजत आहात, त्या निदान तीन वेगळ्या समस्या आहेत, आणि प्रत्येकीचे औषध वेगळे आहे. लॉगिनची आज्ञा उणे चिन्हानंतर तीन वेळा व्ही देऊन चालवा आणि जोडणी नेमकी कोणत्या पायरीवर थांबते ते लिहून ठेवा. एसएसएचमध्ये दोन्ही बाजू आधी आपापल्या पद्धतींच्या याद्या एकमेकींना देतात. त्यांतून की-एक्स्चेंज, मग होस्ट-कीचा प्रकार, मग सायफर (मजकूर कूटबद्ध करण्याची पद्धत) या क्रमाने जुळणी पाहिली जाते आणि पहिली विसंगती दिसताच क्लायंट थांबतो. म्हणूनच एक अडथळा दूर केला की मागचा दिसू लागतो. तुम्ही काही बिघडवलेले नाही.

आता तुमच्या किल्लीविषयी. ‘एसएसएच-आरएसए’ हे नाव दुर्दैवाने दोन गोष्टींना दिले गेले आहे: किल्लीच्या प्रकाराला आणि एसएचए-१ (आता कमकुवत ठरलेली हॅश पद्धत) वापरून केलेल्या सहीच्या पद्धतीला. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ८.८ ने मूळ मांडणीतून सहीची ती पद्धत काढली, आरएसए किल्ल्या काढल्या नाहीत. त्याच किल्लीने एसएचए-२ वापरून सही करता येते आणि ओपनएसएसएचला हे ७.२ पासून, म्हणजे २०१६ पासून, येते. तुमच्या सर्व्हरवरील ५.३ ला ते येत नाही, त्यामुळे क्लायंट जुनी सही करायला तयार नाही आणि सर्व्हरला नवी समजत नाही. नवी आरएसए किल्ली तयार करून तेथे काहीही साधणार नाही. ईडी२५५१९ किल्लीही चालणार नाही, कारण तो प्रकार ६.५ मध्ये आला. त्या एका यजमानापुरती ‘पबकी-ॲक्सेप्टेड-अल्गोरिदम्स’ या ओळीत अधिक चिन्ह देऊन एसएसएच-आरएसए जोडावे. अधिक चिन्ह विसरलात तर मूळ यादीत भर न पडता ती संपूर्ण यादीच बदलते.

एक शंका मात्र आहे. ओपनएसएसएच ८.२ ने फेब्रुवारी २०२० मध्येच डिफी-हेलमन ग्रुप १४ ची एसएचए-१ ही की-एक्स्चेंजची पद्धत मूळ यादीतून काढली होती, आणि ग्रुप १ तर २०१५ च्या ७.० मध्येच गेला होता. मग तुमचे जुने लॅपटॉप या स्विचशी बोलत कसे होते? त्यांपैकी एखादा अजून परत गेला नसेल, तर त्यावरील एसएसएचची कॉन्फिग फाइल अवश्य पाहा.

दगडी जिना

रेड हॅट ९ बद्दल लिहितो, कारण तेथे मी स्वतः दोन दिवस घालवले आहेत. आवृत्ती ८.७ म्हणजे ८.८ च्या आधीची, तेव्हा एसएसएच-आरएसए चालायला हवे असे वाटते, पण तेथे निर्णय एसएसएचच्या हाती नसतो. संपूर्ण यंत्रणेसाठी एक क्रिप्टो-पॉलिसी, म्हणजे कोणत्या पद्धती चालतील याचे नियम, असते आणि तिच्या ‘डीफॉल्ट’ पातळीवर एसएचए-१ च्या सह्या ओपनएसएसएल ग्रंथालयातच (लिबक्रिप्टो हा त्याचाच भाग) नाकारल्या जातात. एसएसएचच्या फाइलमध्ये सवलत दिली तरी सही तपासण्याचे काम शेवटी त्या ग्रंथालयाकडे जाते आणि ते नकार देते. तुम्हाला दिसलेली लिबक्रिप्टोची त्रुटी ही आहे.

पॉलिसीला एसएचए-१ ची उपपॉलिसी जोडून हे सुरू करता येते. परंतु ती सवलत केवळ स्विचपुरती राहत नाही. त्या लॅपटॉपवरील ओपनएसएसएल वापरणाऱ्या इतर कार्यक्रमांनाही ती मिळते. १४ स्विचसाठी एवढी किंमत मोजू नये. शिवाय त्याच पातळीवर २०४८ बिटपेक्षा लहान आरएसए किल्ल्याही नाकारल्या जातात, आणि जुन्या स्विचवर १०२४ बिटची होस्ट-की हमखास सापडते.

आम्ही व्यवस्थापनाच्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या काढलेल्या भागात) एक लहान जंप-होस्ट, म्हणजे ज्यातून पुढे जायचे असा मधला सर्व्हर, ठेवला. जुन्या पद्धतींची सवलत फक्त त्यावर, तीही प्रत्येक स्विचच्या नावाने स्वतंत्र दिली, आणि सर्व लॅपटॉप आधुनिक पद्धतीने तेथपर्यंतच जातात. येथे एक बारकावा आहे. ‘प्रॉक्सी-जंप’ ही मधल्या यंत्रातून एकाच आज्ञेत पुढे जाण्याची सोय वापरल्यास स्विचशी होणारी जुळणी लॅपटॉपवरील क्लायंटच करतो, जंप-होस्ट केवळ वाट देतो, आणि त्रुटी जशीच्या तशी राहते. त्यामुळे आधी जंप-होस्टवर लॉगिन करून तेथून स्विचवर दुसरे लॉगिन करावे लागते.

तांब्याची तार

व्हीपीएनच्या अडचणीचा एसएचए-१ शी काहीही संबंध नसावा. तुमच्या वर्णनातच धागा आहे: जुने सर्व्हर चालतात आणि नवे थिजतात. ओपनएसएसएच ९.० ते ९.९ या आवृत्त्यांत की-एक्स्चेंजमध्ये क्वांटम संगणकांपासून संरक्षण देणारी एसएनट्रुप-७६१ ही संमिश्र पद्धत पहिली पसंती आहे. ती दोन्ही बाजूंना येत असेल तरच निवडली जाते, म्हणून जुन्या सर्व्हरशी बोलताना तिचा प्रश्न येत नाही.

आता आकार पाहा. केवळ कर्व्ह-२५५१९ ही आधीची पद्धत असताना सर्व्हरकडून येणारा त्या देवाणघेवाणीचा भाग ३२ बाइटचा असतो. नव्या पद्धतीत त्यासोबत आणखी १,०३९ बाइट येतात, शिवाय होस्ट-की आणि तिची सही असतेच. होस्ट-की आरएसएची असेल तर उत्तर सहज एका पॅकेटच्या बाहेर जाते. व्हीपीएनच्या टनेलची एका पॅकेटसाठीची खरी क्षमता १,५०० बाइटपेक्षा कमी असून लॅपटॉपवरील व्हीपीएन ॲडॉप्टर मात्र १,५०० सांगत असेल, तर पूर्ण भरलेले पॅकेट वाटेत टाकून दिले जाते. ‘पॅकेट मोठे आहे’ हे कळवणारा आयसीएमपी संदेश फायरवॉलने अडवला असेल, तर पाठवणाऱ्याला ते कधीच कळत नाही आणि जोडणी की-एक्स्चेंजच्या उत्तराची वाट पाहत थांबून राहते.

तपासणी सोपी आहे. विभाजनाला मनाई करून व्हीपीएनवरून सर्व्हरला पिंग करा. आधी १,४७२ बाइटचा मजकूर पाठवा, त्यात २८ बाइटची शीर्षके मिळून १,५०० होतात, आणि मग तो कमी करत जा. नंतर एकदाच, केवळ चाचणी म्हणून, की-एक्स्चेंज कर्व्ह-२५५१९ पुरते मर्यादित करून लॉगिन करून पाहा. लॉगिन झाले तर दोष एमटीयूचाच, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचाच, समजा. मात्र ती मर्यादा कायम ठेवू नका. दुरुस्ती टनेलचा एमटीयू किंवा टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधील मजकुराची कमाल मर्यादा) योग्य करून व्हायला हवी, अन्यथा उद्या एखादी मोठी फाइल पाठवताना तोच दोष पुन्हा भेटेल.

कळफलक (प्रश्न विचारणारा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या आठवड्यात जे केले ते सविस्तर कळवतो.

व्हीपीएनवर १,३७२ बाइटपर्यंतचे पिंग जाते, त्यापुढे उत्तर येत नाही. ॲडॉप्टरवर १,५०० एमटीयू होता, तो १,४०० केला आणि नवे सर्व्हर तत्काळ उघडू लागले. फायरवॉलवर आयसीएमपी सरसकट बंद होते. आवश्यक तेवढे संदेश सुरू करण्याची विनंती सुरक्षा विभागाकडे दिली आहे.

‘रात्रपाळी’ यांची शंका अचूक ठरली. जुन्या लॅपटॉपवरील फाइलमध्ये सर्व यजमानांसाठी ग्रुप १ आणि ग्रुप १४ या दोन्ही जुन्या पद्धती सुरू केलेल्या दोन ओळी होत्या. त्या कोणी व कधी लिहिल्या हे आज गटात कोणालाच सांगता येत नाही. याचा अर्थ इतकी वर्षे आम्ही प्रत्येक सर्व्हरशी बोलताना त्या पद्धती देऊ करत होतो. ज्येष्ठ सहकाऱ्यांना ती फाइल दाखवली तेव्हा त्यांनी आपला आग्रह स्वतःहून मागे घेतला.

११ स्विचवर उत्पादकाचे नवे फर्मवेअर उपलब्ध होते. ते चढवून २०४८ बिटच्या होस्ट-की तयार केल्यावर ते दोन्ही प्रकारच्या लॅपटॉपवरून कोणत्याही सवलतीविना चालतात. उरलेले तीन स्विच जंप-होस्टच्या मागे ठेवले आहेत. एक अडचण शिल्लक आहे: जंप-होस्टवरून त्या तिघांपैकी एकाच्या कॉन्फिगरेशनची प्रत एससीपीने (एसएसएचवरून फाइलची नक्कल करणाऱ्या आज्ञेने) घेता येत नाही, लॉगिन मात्र होते.

रात्रपाळी

ओपनएसएसएच ९.० पासून एससीपीची आज्ञा आतून एसएफटीपी हा दुसरा फाइल-प्रोटोकॉल वापरते आणि जुन्या स्विचवर अनेकदा एसएफटीपी नसते. आज्ञेत उणे चिन्हानंतर कॅपिटल ओ द्या, म्हणजे जुना एससीपी प्रोटोकॉल वापरला जाईल. आणि नव्या होस्ट-की तयार केलेल्या ११ स्विचचे फिंगरप्रिंट (किल्लीची छोटी ओळखखूण) कन्सोल केबल लावून प्रत्यक्ष वाचून घ्या. ‘होस्ट-की बदलली आहे’ हा इशारा आल्यावर सहकाऱ्यांनी जुनी नोंद डोळे झाकून पुसू नये, यासाठी ती यादी पाचही जणांकडे आधीच असायला हवी.

कळफलक (प्रश्न विचारणारा)

कॅपिटल ओ देऊन प्रत मिळाली. फिंगरप्रिंट वाचण्यासाठी शनिवारी कारखान्यात जात आहे.