मुलगा वायोमिंगला चाललाय, तिथल्या रस्त्याचं कुणी सांगेल का?

फुलेवाडी नाका

नमस्कार मंडळी. मी एसटीत 31 वर्षं ड्रायव्हर होतो, त्यातली 22 गगनबावड्याच्या वाटेवर गेली. करूळ आणि भुईबावडा, दोन्ही घाटांतलं वळण न् वळण पाठ आहे. आता निवृत्त आहे, घर फुलेवाडीत.

धाकट्याला अमेरिकेत पीएच.डी.ला प्रवेश मिळालाय. राज्य वायोमिंग, गाव लारामी, विषय भूगर्भशास्त्र. शिकवायचं काम करायचं, त्यात फी माफ आणि वर महिन्याला पैसे, म्हणजे कर्ज काढायचं नाही. आमच्या मंडळी अंबाबाईची ओटी भरून आल्या. सगळं चांगलं आहे.

पण परवा रात्री मोबाईलवर मी तिथल्या रस्त्याचे फोटो बघत बसलो. सरळ डांबर, दोन्ही बाजूला पिवळं गवत, ना टपरी, ना झाड, ना माणूस. बोट सरकवून दमलो, तरी तेच. घाटात रात्री गाडी बंद पडली की मला ठाऊक असायचं, मागून कुणीतरी येणार. दुधाचा टेम्पो येईल, कोकणातून मासे घेऊन येणारी गाडी येईल. तिथं कोण येणार?

पोरगं म्हणतंय जुनी गाडी घ्यावीच लागेल, बसवर भागत नाही. त्यानं आजवर गाडी चालवलीय ती माझ्या शेजारी बसून. बर्फ कधी डोळ्यानं बघितलेला नाही. मला धुकं कळतं, दरड कळते, पाऊस कळतो. बर्फ कळत नाही, म्हणून झोप लागत नाही. कुणी तिथं राहिलं असेल तर खरं काय ते सांगा. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका.

त्याच्या आईचा प्रश्न वेगळा आहे: तिथं खाणार काय?

शिवाजी पेठ, गल्लीतला

काका, अभिनंदन! मी राहिलो नाही, पण जूनमध्ये दोन आठवडे फिरून आलोय. मुलाला उन्हाळ्यात यलोस्टोन बघायला सांगाच. 1872 साली झालेलं ते पहिलं राष्ट्रीय उद्यान, बराचसा भाग वायोमिंगमध्येच येतो. जमिनीतून उकळतं पाणी आकाशात उडतं, आणि पोराचा विषय भूगर्भशास्त्र, म्हणजे त्याला तर पंढरीच.

एकच गोष्ट. तिथले बायसन आपल्या दाजीपूरच्या गव्यासारखे दिसतात आणि स्वभावही तसाच. रस्त्यात येऊन उभे राहतात, शांत वाटतात, म्हणून लोक फोटो काढायला उतरतात. किमान 23 मीटर लांब राहायचा नियम आहे, अस्वल आणि लांडग्यापासून 91 मीटर. आपण राधानगरीकडची माणसं, गव्याला पाठ दाखवू नये हे आपल्याला शिकवावं लागत नाही, तरी सांगून ठेवा.

कसबा बावडा

काका, मी लारामीत पाच वर्षं काढली, त्याच विद्यापीठात. दोन वर्षांपूर्वी परत आले. तुम्ही खरं सांगा म्हणालात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गाव कसं आहे ते. लारामी साधारण कागलएवढं, तीसेक हजार वस्तीचं. पण ज्या काउंटीत, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यात, ते येतं ती आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहून मोठी आहे, आणि तिथं एकूण माणसं 37 हजार. आपल्या जिल्ह्यात 2011 ला 38 लाखांवर होती. अख्ख्या राज्याची लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत 5,76,851 भरली. एकट्या कोल्हापूर शहराएवढी माणसं महाराष्ट्राच्या चार-पंचमांश जमिनीवर पसरली, की वायोमिंग होतं. त्यामुळं तुम्हाला फोटोत दिसलं ते खरंच आहे. मध्ये काहीही नाही.

आता रस्ता. लारामीला लागून जातो तो आय-80 महामार्ग. पूर्व-पश्चिम जाणारे सगळे मोठे ट्रक त्याच रस्त्यानं. लारामी ते रॉलिन्स हा 160 किलोमीटरचा टप्पा सगळ्यात वाईट. त्याची गोष्ट तुम्हाला ड्रायव्हर म्हणून पटेल. जुना रस्ता उत्तरेकडून मेडिसिन बो गावावरून वळसा घालून जायचा. नवा महामार्ग आखताना अंतर वाचवायचं म्हणून तो एल्क माउंटन डोंगराच्या कडेनं नेला. तिथं गुरं राखणाऱ्या लोकांनी सांगितलं होतं, इथून नेऊ नका, इथला वारा तुम्हाला माहीत नाही. ऐकलं नाही. 1970 च्या ऑक्टोबरमध्ये रस्ता सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात वादळानं बंद पडला. तेव्हापासून दर हिवाळ्यात तो बंद होतोच. मग सरकारनं वाऱ्याच्या अंगाला मैलोन् मैल उंच लाकडी कुंपणं उभारली. बर्फ त्यांच्यामागं साठतो, रस्त्यावर कमी येतो. तरी येतोच.

काका, बर्फापेक्षा वाऱ्याची काळजी करा. तिथला बर्फ भुसभुशीत आणि कोरडा असतो. पडून गेल्यावर दोन दिवसांनी वारा सुटला की तोच जमिनीवरून उठून पळायला लागतो. वर बघाल तर चांदणं लख्ख, आणि कमरेखाली काही दिसत नाही. घाटातलं धुकं एका जागी उभं असतं, हे आडवं धावतं. ते बघत राहिलं की आपली गाडीच बाजूला सरकतेय असं वाटतं आणि हात नकळत स्टिअरिंग फिरवतो.

मी त्यात सापडले ते दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत. रॉलिन्सहून मी आणि एक मैत्रीण निघालो तेव्हा रस्ता चालू होता. एल्क माउंटनजवळ आलो आणि पुढच्या गाड्यांचे दिवेच दिसेनासे झाले. रस्त्याकडेला चकाकणाऱ्या पट्टीचे खांब असतात, ते एकेक मोजत चाललो होतो. एक खांब दिसला की पुढच्याची वाट बघायची. मग एक दिसलाच नाही. थांबावं तर मागून ट्रक येईल, जावं तर कुठं, माझे पाय थरथरत होते. तेवढ्यात शेजारून एक पिकअप हळूच पुढं आली, तिनं दिवे उघडझाप केले आणि आमच्यापुढं चालायला लागली. त्या दोन लाल दिव्यांमागं आम्ही महामार्ग सोडून खाली उतरलो. साठीचा रँचवाला, म्हणजे गुरं पाळणारा शेतकरी होता, घरी बायको. त्यांनी रात्री स्वयंपाकघरात बसवून कॉफी आणि भाजलेले बटाटे दिले. मी बीफ खात नाही म्हटल्यावर बाईंनी पातेलं मुकाट्यानं बाजूला ठेवून बटाटे काढले. त्या माणसानं आमच्या गाडीच्या बॉनेटमधून लोंबणारी वायर गोठ्यातल्या प्लगला लावली, कारण इंजिन रात्रभर गरम राहिलं नाही तर सकाळी चालू होत नाही. सकाळी मी पैशाचं विचारलं तर त्यानं नुसती मान हलवली.

तिथं कोण येणार, हा तुमचा प्रश्न. उशिरा येतात, पण जो येतो तो थांबतो. थांबलेल्या गाडीला बघून पुढं निघून जाणारा माणूस मी तिथं पाहिला नाही.

मुलाला एवढं पाठ करून घ्या. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. हिवाळ्याचे टायर वेगळे असतात, त्यात पैसे वाचवायचे नाहीत. डिकीत ब्लँकेट, फावडं, टॉर्च, पाणी, शेंगदाण्याचे लाडू. अडकला तर गाडी सोडून चालत जायचं नाही, माणूस सापडत नाही, गाडी सापडते. इंजिन चालू ठेवायचं असेल तर आधी उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करायचं, बर्फानं बुजलं तर धूर आत येऊन जीव जातो. ब्रेक दाबायचा नाही, वेग आधीच उतरवायचा, हे तुम्ही घाटात शिकवलंच असेल. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. आणि गाडी लावताना तोंड वाऱ्याकडं करायचं. वारा मागून असला की उघडलेलं दार हातातून जातं, माझ्या गाडीची बिजागरी पहिल्याच महिन्यात अशी वाकली.

सगळ्यात महत्त्वाचं, निघण्याआधी 511 ला, म्हणजे रस्त्यांची माहिती देणाऱ्या नंबरला, फोन करायचा नाहीतर त्यांचं अ‍ॅप बघायचं. रस्ता बंद केला की रेल्वे फाटकासारखं फाटक पाडतात. कधी आपल्या गावात ऊन असतं आणि फाटक पडलेलं असतं, कारण पुढच्या गावात ट्रक उभे करायला जागा उरलेली नसते. लोक चिडतात. चिडायचं नाही. 2019 ला शिरोलीपाशी महामार्गावर पंचगंगेचं पाणी होतं तेव्हा कुणी गाडी घातली नाही, तसंच समजायचं.

आता काकूंसाठी. लारामी 2,200 मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई 1,646. तिथं पाणी 93 अंशांच्या आतबाहेरच उकळतं, त्यामुळं उघड्या पातेल्यात तूरडाळ दोन तास ठेवली तरी कणी राहते. कुकर इथूनच द्या, आणि त्याच्या रबरी रिंगा दोन जादा. हवा इतकी कोरडी की पहिले पंधरा दिवस नाकातून रक्त येतं, घाबरू नका, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. किराणा फोर्ट कॉलिन्सला मिळतो, कोलोराडोत, तासाभरावर. कांदा-लसूण चटणी खुशाल द्या, उतरल्यावर कस्टमला सांगायचं आणि विचारलं तर दाखवायचं. कढीपत्ता मात्र देऊ नका, ताजा नको आणि वाळलेलाही नको, लिंबाच्या जातीच्या झाडांचा रोग जाईल म्हणून अडवतात.

एक जाता जाता. बायकांना मताचा हक्क वायोमिंगनं 1869 मध्ये दिला, आणि 6 सप्टेंबर 1870 ला लुइझा स्वेन नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी पहिलं मत टाकलं ते लारामीतच. त्यांचा पुतळा आहे गावात. शाहू महाराजांच्या गावच्या माणसाला हे सांगायला मला आवडतं.

उत्तरेश्वर

ताईंनी लिहिलंय ते सगळं बरोबर असेल. पण काकांनी खरं सांगा म्हटलंय, म्हणून मीही लिहितो.

मी शेजारच्या मोंटाना राज्यात, बोझमनला तीन हिवाळे काढले आणि सोडून आलो. रस्ता शिकता येतो. डिसेंबरात पावणेपाचला अंधार पडतो, त्याचं काय करायचं ते मला शिकता आलं नाही. शेजारी चांगले होते, गाडी ढकलायला धावत यायचे. पण दार लावून घेतलं की घरात मी एकटा. तिसऱ्या हिवाळ्यात एका रविवारी लक्षात आलं की शुक्रवारपासून मी तोंडातून शब्द काढलेला नाही.

आणि वडील गेले तेव्हा गावातून विमान सुटेना, बर्फ होता. मग मिळेल ती गाडी, मिळेल ते विमान धरत मुंबईपर्यंत आलो. तिसऱ्या दिवशी घरी पोचलो, तोवर सगळं उरकलं होतं. यात कुणाचा दोष नाही. पण काका, एवढ्या लांब आणि एवढ्या मोकळ्या जागी पोरगं पाठवताना हाही हिशेब करा. त्याला न्यू जर्सी किंवा टेक्सासला मिळत असेल तर आपली माणसं हाकेच्या अंतरावर असतात.

कसबा बावडा

दादा, वडिलांचं वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही म्हणता ते मी नाकारत नाही. पहिल्या नोव्हेंबरात मीपण रोज संध्याकाळी रेल्वेरुळांवरच्या जुन्या पादचारी पुलावर जाऊन उभी राहायचे. 1868 पासून त्या गावातून रेल्वे जाते, पण माणसं नेणारी गाडी आता एकही नाही, नुसत्या मालगाड्या. तरी गाडी खालून जाताना पूल हलायचा, आणि तेवढा वेळ बरं वाटायचं. मग एका बाईंनी तिथंच मला विचारलं, रोज दिसतेस, कुठली तू? त्यांच्या घरी मी पुढं चार दिवाळ्या केल्या.

काका, मुलगा माणसांत मिसळणारा आहे की घुम्या? त्यावर बरंच आहे. घुम्या असेल तर आधीच ठरवा, रोज ठरल्या वेळी फोन. आपले सकाळचे साडेसात म्हणजे तिथं हिवाळ्यात आदल्या दिवसाचे संध्याकाळचे सात. तीच वेळ त्याला जड जाते.

फुलेवाडी नाका

सगळ्यांचं दोनदा वाचलं. मंडळींना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या रँचवाल्याचं आलं तिथं त्या म्हणाल्या, परत वाचा.

उत्तरेश्वरच्या दादा, तुम्ही लिहिलंत ते लिहायला जड गेलं असणार. मी आज पोराला शेजारी बसवून सांगितलं, मला काही झालं तर धावाधाव करू नकोस, रस्ता चालू झाला की ये. तो काही बोलला नाही, उठून बाहेर गेला. घुम्या आहे, ताई. साडेसातचं ठरवलंय.

त्या फाटकाचं मला पटलं. करूळला दरड आली की आम्ही गाडी उभी करायचो, प्रवासी कितीही ओरडू देत.

रिंगा आजच महाद्वार रोडवरून आणल्या, तीन. आणि रविवारी पहाटे चारला त्याला घेऊन भुईबावड्याला निघतोय. या दिवसांत वर धुकं असतं, पुढचा खांब दिसत नाही. स्टिअरिंग त्याच्याकडं, मी शेजारी. या वेळी तोंड उघडायचं नाही असं ठरवलंय.