मदत हवी आहे: दिनविशेषांत जुन्या घटनांची कोणती तारीख धरावी?

नमस्कार. मी दिनविशेषांची तारीखवार नोंदवही तयार करीत आहे. त्यात ९ नोव्हेंबरचे पान मला सर्वांत विलक्षण वाटते, कारण १९१८ मध्ये जर्मनीत झालेली प्रजासत्ताकाची घोषणा, १९३८ मध्ये ज्यूंची दुकाने व प्रार्थनास्थळे यांवर झालेले भीषण हल्ले आणि १९८९ मध्ये बर्लिनच्या भिंतीची खुली झालेली दारे, हे सारे त्याच तारखेला घडले.

अडचण आहे ती दोन दिनदर्शिकांची. रशियातील बोल्शेविक क्रांती तेव्हा तेथे चालू असलेल्या जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेनुसार २५ ऑक्टोबर १९१७ रोजी, तर आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेनुसार ७ नोव्हेंबरला झाली. अशी घटना मूळ तारखेच्या पानावर नोंदवावी की आजच्या? दोन्ही ठिकाणी नोंदवल्यास वाचकाचा गोंधळ होईल, असे मला वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.