मदत हवी आहे : जनरल प्रिम यांच्या चरित्रलेखासाठी मराठी प्रतिशब्द

नमस्कार. स्पेनचे उदारमतवादी सेनानी आणि राजकारणी जनरल हुआन प्रिम (१८१४–१८७०) यांच्यावर मी मराठीत दीर्घ लेख लिहीत असून दोन ठिकाणी अडलो आहे.

पहिली अडचण पदनामाची आहे. प्रिम १८४७–४८ मध्ये कॅरिबियनमधील स्पॅनिश वसाहत पोर्तो रिकोचे ‘कॅप्टन जनरल’ होते, म्हणजे सैन्य आणि मुलकी कारभार दोन्ही त्यांच्याच हाती होते. ‘सुभेदार’ म्हटले तर मोगलाई डोळ्यांसमोर येते आणि ‘राज्यपाल’ फारच सौम्य वाटते. याला नेमका शब्द सुचवाल का?

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. मायदेशी घटनात्मक राजवटीसाठी लढणाऱ्या, १८६२ मध्ये मेक्सिकोतून स्पॅनिश फौज माघारी नेणाऱ्या आणि १८६८ च्या क्रांतीत राणी इसाबेलाला पदच्युत करणाऱ्या याच माणसाने १८४८ मध्ये पोर्तो रिकोत असा जाहीरनामा काढला होता, की गोऱ्यावर शस्त्र उगारणारा आफ्रिकी वंशाचा माणूस गुलाम असल्यास त्याला गोळ्या घालाव्यात आणि स्वतंत्र असल्यास जल्लादाकरवी त्याचा उजवा हात तोडावा. हे वाचून मी सुन्न झालो. हा मजकूर तळटीपेत ढकलणे मला अन्यायाचे वाटते. पण तो आरंभीच दिला, तर माद्रिदमध्ये गोळ्या लागून ३० डिसेंबर १८७० रोजी, म्हणजे त्यांनीच निवडलेला राजा आमादेओ कार्ताहेनाला उतरला त्याच दिवशी, झालेला त्यांचा मृत्यू वाचकाला भिडेल का? चरित्रलेखनाचा अनुभव असलेल्यांनी कृपया मांडणीचा क्रम सुचवावा.