टिटिकाकाकाठचे पुकारा: तट कधीचा, वस्ती कधीची?

कातळवेडा
पेरूत टिटिकाका सरोवराच्या उत्तरेला, ३,८०० मीटरहून उंच मुलखात, कोया लोकांचे डोंगरी कोट आहेत. त्यांना पुकारा म्हणतात. जुना हिशोब सरळ होता: इ.स. १०००-११०० च्या सुमारास तिवानाकूची, म्हणजे टिटिकाकाकाठच्या जुन्या राज्याची, सत्ता कोसळली, बेबंदशाही माजली आणि लोक डोंगरावर चढले. पुरातत्त्वज्ञ एलिझाबेथ आर्कुश यांनी इथल्या तटांच्या चिखलातलं गवत वगैरे नमुन्यांचं कार्बन कालमापन केलं, तर बहुतेक कोट १३०० नंतर भरात आलेले निघाले. मधल्या दोनशे वर्षांचं काय करायचं? माझ्या मते तिवानाकूचं खापर आता बाजूला ठेवावं.

खापरशोध्या
घाई होतेय. दगडांमधल्या चिखलात सापडलेलं गवत तो चिखल कधी लिंपला ते सांगतं, माणसं डोंगरावर कधी आली ते नाही. तट ढासळला की पुन्हा लिंपणारच, मग हाती येते ती शेवटची डागडुजी. खालचे थर खणल्याशिवाय 'वस्तीचा पहिला टप्पा' वगैरे बोलू नये.

कातळवेडा
सगळ्या कोटांची डागडुजी झाली आणि अकराव्या-बाराव्या शतकाचा मागमूस जवळपास सगळीकडून पुसला गेला? पटत नाही. शिवाय जुन्या लाकडाने (लाकूड बांधकामाहून जुनं असतं) काळ मागे जातो, पुढे येत नाही. तुळया पुन्हा वापरल्या असतील, तर खरा काळ आणखी अलीकडचा!

रिकामा_पंडित
त्या उंचीवर झाडंच कमी. चुलीत लामा या जनावराच्या लेंड्या जातात, म्हणजे त्याच एक-दोन वर्षांतलं गवत. जुन्या लाकडाची भीती चुलीच्या राखेला फारशी लागू नाही.

थरमोज्या
दोघेही वक्ररेषेला विसरलात. कार्बनच्या मोजमापाचं खऱ्या सालात रूपांतर करणारी कॅलिब्रेशनची रेषा चौदाव्या शतकात वर-खाली हेलकावते, त्यामुळे एकाच नमुन्याला १३०० च्या आसपासचं आणि १३९० च्या आसपासचं, अशी दोन्ही उत्तरं येऊ शकतात. दक्षिण गोलार्धासाठी वेगळी रेषा (एसएचकॅल २०) वापरावी लागते, आणि थरांचा क्रम बेझियन पद्धतीत (तारखा आणि थरांचा क्रम एकत्र तोलणारं संख्याशास्त्र) घातल्याशिवाय टप्पे सुटे होत नाहीत. '१३०० नंतर' इथवर ठीक. कोणता कोट आधी आणि कोणता मागून, हे सुट्या तारखांवरून सांगणं धाडसाचं.

कातळवेडा
मान्य, पण तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला दुष्काळ पेरूतल्याच केल्काया हिमनदीच्या बर्फात दिसतो. त्यापाठोपाठ कोट. हे कारण जवळचं नाही का?

खापरशोध्या
बर्फाचे थर वर्षावर्षाने मोजलेले, तुमचे कोट पन्नास-शंभर वर्षांच्या पट्ट्यात. एवढ्या रुंद पट्ट्याला कुठलाही दुष्काळ चिकटवता येतो. तिवानाकूला हाकललंत आणि त्याच खुर्चीत पाऊस बसवलात.

आणि शेवटाचं काय? इंका साम्राज्य आलं आणि पुकारा ओस पडले असं सांगतात, पण इंका सम्राट पाचाकुतीचं १४३८ हे साल स्पॅनिश काळातल्या बखरीवरून काढलेलं. २०२१ मध्ये माचू पिच्चू या इंका नगराच्या सांगाड्यांवरून तिथली वस्ती १४२० पासूनची ठरली. आधी तुमच्या टप्प्याचं शेवटचं टोक कुठे धरायचं ते सांगा, मग दुष्काळाचं बघू.