‘फेंट करेलेशन’ चालेल का?

प्रश्न
शोधनिबंधाच्या इंग्रजी सारांशात मी ‘फेंट करेलेशन’ (faint correlation, म्हणजे अंधुक सहसंबंध) असं लिहिलं. रोपांची उंची आणि पानांतलं हरितद्रव्य यांच्यात आर, म्हणजे सहसंबंधाचा आकडा, जेमतेम ०.१८ आला होता. ‘वीक’ (weak, कमकुवत) आधी दोनदा येऊन गेला होता, तोच तोच शब्द नको म्हणून ‘फेंट’ घातला. सरांनी त्याखाली लाल रेघ मारली, कारण लिहिलं नाही. व्याकरण तर ठीक आहे. मग घोडं कुठे अडलं?

प्रतिसाद १
जोडीत. ‘मुसळधार ऊन’ व्याकरणात बसतं, तरी ऊन रणरणतंच आणि पाऊस मुसळधार. ‘फेंट’ला मराठीत काय काय येतं बघा: अंधुक उजेड, पुसट अक्षरं, क्षीण आवाज, मंद वास. सगळीकडे पाहणारं, ऐकणारं कुणीतरी आहे आणि त्याच्यापर्यंत ती गोष्ट कशीबशी पोचते आहे. सहसंबंध हा हिशेबाने काढलेला आकडा, उणे १ ते अधिक १ यांमधला. तो कमीजास्त भरतो, अंधुक होत नाही. उलट ‘फेंट’ वाचून एखाद्याला वाटेल, संबंध चांगला दणदणीत असेल, यांच्या उपकरणालाच नीट दिसला नाही.

प्रतिसाद २
शब्दाला सरसकट बाद करू नका हं. खगोलशास्त्रात ‘फेंट’ रोजच्या वापरातला आहे. ताऱ्याच्या प्रतीचा, म्हणजे तेजाच्या मापाचा, आकडा ५ ने वाढला की तो १०० पट अंधुक. नुसत्या डोळ्यांना साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचेच दिसतात. तिथे ‘वीक स्टार’ लिहिलंत तर हसतील. रसायनात ‘वीक’ आणखी निराळा. ‘वीक ॲसिड’ म्हणजे सौम्य आम्ल, ज्याचे पाण्यात थोडेच रेणू फुटतात असं; पाणी घालून विरल केलेलं नव्हे. हायड्रोक्लोरिक कितीही विरल करा, ते तीव्रच. ॲसेटिक संहत (पाणी कमी, घट्ट) असलं तरी सौम्यच. एका शब्दाची अदलाबदल केली की विधानच बदलतं.

प्रश्नकर्ती
पण गूगल स्कॉलरवर अवतरणचिन्हांत घालून शोधलं, तर ‘फेंट करेलेशन’ लिहिणारे सापडले की!

प्रतिसाद १
ताई, किती सापडले ते मोजू नका, चार-पाच उघडून वाचा. तुमच्याच शाखेतले आहेत का? आकड्याबद्दल बोलताहेत की चित्रातल्या पुसट रेषेबद्दल? छापलं गेलं म्हणजे रुळलं असंही नाही. २०२१ साली कबानाक, लाब्बे आणि मागाझिनोव या संशोधकांनी छापील निबंधांतून ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, ‘कोलोसल इन्फर्मेशन’ असल्या जोड्या शोधून काढल्या. मूळचे शब्द ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ आणि ‘बिग डेटा’! उचलेगिरी पकडली जाऊ नये म्हणून सॉफ्टवेअरकडून शब्द बदलून घेतल्याची ती खूण. ब्रेस्ट कॅन्सरचं तर ‘बुझम पेरिल’ झालं होतं. तुमचा हेतू साधा आहे, पण हल्ली अनोळखी जोडी दिसली की परीक्षकाची भुवई आधी वर जाते.

प्रतिसाद ३
मग नवी जोडी कधी करायचीच नाही? ‘बिग बँग’ हा शब्द खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांनी १९४९ साली रेडिओवर वापरला, तोही स्वतःला न पटलेल्या सिद्धान्तासाठी. रुळलाच ना?

प्रतिसाद २
रुळला, कारण त्या कल्पनेला सुटसुटीत नाव हवं होतं. ०.१८ ला ‘वीक’ आधीपासून आहे. तिसऱ्यांदा आला तर येऊ द्या. फारच खुपत असेल तर विशेषण काढून आकडाच लिहा: ०.१८ चा वर्ग ०.०३२, म्हणजे उंचीतल्या चढउतारापैकी फक्त ३ टक्क्यांच्या आसपास भागाची हरितद्रव्याशी सांगड लागते.

प्रश्नकर्ती
३ टक्के! मग हे वाक्य सारांशात ठेवायचं की नाही, तेच आता सरांना विचारते.