लाँच (लाइनवरून निघणं) कडक होतो पण १५-२० फुटांवर मागची चाकं सुटतात म्हणजे पकड सोडून नुसतीच फिरतात, गाडी उजवीकडे ओढते. नक्की काय बघू?

स्लिकवाला:
नमस्कार मंडळी, जरा डोकं लावा. ड्रॅगची (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीची) गाडी आहे, मागे फोर लिंक (अ‍ॅक्सल धरणारे वर दोन, खाली दोन बार), डबल अ‍ॅडजस्टेबल कॉइलओव्हर (स्प्रिंगसकट शॉक, दाबताना आणि लांब होतानाचा कडकपणा वेगवेगळा लावता येतो), स्पूल (दोन्ही मागची चाकं एकत्रच फिरवणारा), अँटीरोल बार (बॉडी एका बाजूला कलू न देणारा), २८ बाय १०.५ चे बायस प्लाय स्लिक (नक्षी नसलेले शर्यतीचे टायर), ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ड्रायव्हर धरून वजन साधारण ३००० पौंड. पहिले ६० फूट १.३८ सेकंदात जायची पण सुरुवातीला मागचे टायर हवे तसे दाबले जात नव्हते, म्हणून वरचे दोन्ही बार पुढच्या ब्रॅकेटला दोन भोकं खाली घेतले. आता लाइनवरून एकदम झेपावते, बघायला मस्त वाटतं, पण १५-२० फुटांवर चाकं सुटतात आणि नाक उजवीकडे जातं, ६० फूट १.५० वर आलंय. हवा ११ पीएसआयवरून १० केली, काही फरक नाही. शॉक कडक करू का ढिले करू, का बार परत जुन्या जागी नेऊ?

पिनियन:
आधी कशालाच हात लावू नका. पहिलं हे बघा की चाकच फिरतंय का कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडणारा भाग) स्लिप होतोय, कारण आत बसून दोन्ही सारखंच वाटतं, इंजिन बोंबलतं आणि गाडी जात नाही. डेटा लॉगमध्ये इंजिनचा आरपीएम आणि ड्राइव्हशाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलला जाणाऱ्या दांड्याचा) आरपीएम एकावर एक ठेवा. दोन्ही एकदम वर उडाले तर टायर सुटलाय, इंजिन एकटंच वर गेलं आणि शाफ्ट आपल्या चालीने चढतोय तर सस्पेंशनचा काही संबंध नाही.

दुसरं म्हणजे बाजूने व्हिडिओ काढा, कॅमेरा मागच्या चाकाच्या उंचीला आणि स्लो मोशनमध्ये. चाक आणि फेंडरमधली जागा वाढते का कमी होते, आणि चाक सुटतं त्या क्षणी ती किती असते, एवढंच बघायचं. लाइनवरच सुटणं आणि २० फुटांवर सुटणं हे दोन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं.

साठफुटी:
व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) किती आणि इन्स्टंट सेंटर (बाजूने बघताना वरच्या आणि खालच्या बारच्या रेषा पुढे वाढवल्या की मिळतात तो बिंदू) कुठे येतंय ते टाका की, त्याशिवाय सगळे अंदाजच.

स्लिकवाला:
व्हीलबेस १०५ इंच. इन्स्टंट सेंटर आधी मागच्या अ‍ॅक्सलपासून ५५ इंच पुढे आणि जमिनीपासून १० इंच वर होतं, आता ४० इंच पुढे आणि ९.२ वर आलंय. लॉग बघितला, दोन्ही आरपीएम एकदमच उडतात, म्हणजे टायरच. व्हिडिओत मागची बॉडी लाइनवरच फटकन वर जाते, चाक आणि फेंडरमध्ये भरपूर जागा होते आणि मग टायर दाबल्यामुळे त्यावर पडलेल्या सुरकुत्या एकदम जातात, तिथेच चाक सुटतं.

साठफुटी:
मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. गुरुत्वमध्य नीट मोजलेला नसेल तर कॅमशाफ्टच्या उंचीला धरतात, २० इंच धरू. २० भागिले १०५ म्हणजे ०.१९, ही शंभर टक्के अँटीस्क्वॉटची रेषा, म्हणजे लाँचला मागची बॉडी बसतही नाही आणि उठतही नाही. आधी १० भागिले ५५ म्हणजे ०.१८, ९५ टक्के, गाडी किंचित बसत होती. आता ९.२ भागिले ४० म्हणजे ०.२३, म्हणजे १२० टक्के, त्यामुळे बॉडी वर ढकलली जाते आणि तेवढ्याच जोराने टायर खाली दाबला जातो. शिवाय सेंटर अ‍ॅक्सलच्या जवळ आलं की हा दाब लवकर आणि जोरात येतो आणि लवकरच संपतो. बॉडी वर जायची थांबली की तो जास्तीचा दाब गेला, टायर हलका झाला, सुटला.

मी असतो तर एक भोक परत वर घेतलं असतं.

पिनियन:
मला नाही पटत. १२० टक्के म्हणजे काही अघोरी नाही, यापेक्षा जास्तवर गाड्या सरळ जातात, फक्त शॉकने ते वर जाणं आवरायला पाहिजे. बार तिथेच ठेवा आणि मागच्या शॉकचा रिबाउंड (लांब होतानाचा कडकपणा) दोन-दोन क्लिक कडक करत जा. बॉडी सावकाश वर गेली की टायरवरचा दाब जास्त अंतर टिकतो. फार कडक झालं तर लाइनवरच सुटायला लागेल, तेव्हा एक पाऊल मागे या.

पण त्याच्या आधी, गाडी जमिनीवर आणि ड्रायव्हर आत असताना मागचा शॉक अजून किती इंच लांब होऊ शकतो ते मोजा! हे कुणी मोजत नाही आणि इथेच घोळ असतो. जेमतेम इंचभर शिल्लक असेल तर बॉडी वर जाताना शॉक टोकाला जाऊन अडकतो आणि मग बॉडीच अ‍ॅक्सलला वर खेचते. मग क्लिक कितीही फिरवा.

मागचा_अ‍ॅक्सल:
उजवीकडे ओढण्याबद्दल कुणी बोललंच नाही. शाफ्टचा पीळ डावं मागचं चाक दाबतो आणि उजवं हलकं करतो, स्पूल असल्यामुळे डावं चाक पकडतं, उजवं घसरतं आणि नाक उजवीकडे जातं. तुम्ही वरचे बार हलवलेत म्हणजे पिनियन अँगल (ड्राइव्हशाफ्ट अ‍ॅक्सलला मिळतो तिथला कोन) आणि प्रीलोड (गाडी उभी असतानाच एका चाकावर आलेला जास्तीचा दाब) दोन्ही बदलले. ड्रायव्हरला सीटवर बसवा, अँटीरोल बारच्या लिंकचा बोल्ट काढा, तो हाताने सहज आत-बाहेर व्हायला पाहिजे. ठोकून घालावा लागत असेल तर बार आधीच एका बाजूला पीळ देतोय. ते जुळवूनही उजवीकडे गेली तर उजवा वरचा बार थोडा आखूड करा, उजव्या चाकावर वजन येतं, पण वजनकाट्यावर बघूनच. पिनियन शाफ्टच्या तुलनेत १-२ अंश खाली पाहिजे, रॉड एंडवाल्या (बारच्या टोकाला धातूचे सांधे असलेल्या) फोर लिंकला तेवढं पुरतं.

आणि स्प्रिंग काढून जॅकवर अ‍ॅक्सल पूर्ण वर-खाली करून बघा, कुठे अडकतोय का.

स्लिकवाला:
मोजलं. शॉक लांब व्हायला फक्त सव्वा इंच शिल्लक होता! आणि अँटीरोलच्या लिंकचा बोल्ट हातोडीशिवाय निघेना. शॉकचं खालचं माउंट वरच्या भोकात घेतलं, गाडीची उंची स्प्रिंगच्या नटने तीच ठेवली, आता तीन इंच मिळतात. लिंक मोकळी केली, पिनियन दीड अंश केला, रिबाउंड चार क्लिक कडक. बार आहे तिथेच. ६० फूट १.३६ आणि सरळ गेली, दोघांचे मनापासून आभार. पण आता पुढचं नाक हवेतून धप्पकन खाली येतं आणि ड्राइव्हशाफ्टच्या रेषेत तिथेच छोटा उंचवटा दिसतो.

पिनियन:
तो पुढच्या शॉकचा विषय. नाक आपटून परत उसळलं की मागचं वजन हलतं आणि चाक क्षणभर हलकं होतं. पुढचा बंप (शॉक दाबला जातानाचा कडकपणा) ढिला करा म्हणजे आपटल्यावर उसळणार नाही, नाक फारच वर जात असेल तर पुढचा रिबाउंड थोडा कडक. दोन्ही एकदम करू नका, आधी बंप, मग लॉग टाका इथे.

साठफुटी:
आणि ट्रॅक तापलेला असताना रिबाउंडचे एक-दोन क्लिक कमी-जास्त करावे लागतील, संध्याकाळचं सेटिंग वेगळं लिहून ठेवा.