विकत घेतलेली जागा : दक्षिण आफ्रिकेच्या प्रीमियर सॉकर लीगमधील एक वाद (टोपणनावांनी लिहिणाऱ्या तीन फुटबॉलप्रेमींमधला)

कॉर्नर फ्लॅग :
दक्षिण आफ्रिकेच्या सोळा संघांच्या अव्वल लीगमध्ये क्लबचा मालक आपली जागा, म्हणजे त्या श्रेणीत खेळण्याचा हक्क, लीगच्या मंजुरीने दुसऱ्याला विकू शकतो, आणि घेणारा नाव, गाव, रंग सगळे बदलून तिथून खेळू लागतो. ही मुभा बंद झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. मारुमो गॅलंट्सचेच पाहा. 2022-23 च्या हंगामात हा संघ आफ्रिकेच्या कॉन्फेडरेशन चषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचला आणि त्याच हंगामात लीगच्या तळाशी राहून खालच्या श्रेणीत गेला. वर्षभराने, 2024 साली, सोवेटोच्या 1947 साली स्थापन झालेल्या स्वॅलोज संघाची जागा विकत घेऊन तो पुन्हा वर आला. मैदानात गमावलेले व्यवहाराच्या टेबलावर परत मिळत असेल, तर हंगामाचे तीस सामने खेळायचे तरी कशाला?

खतावणी :
आपला संताप रास्त आहे, पण विकणारा कोणत्या अवस्थेत विकतो, तेही पाहावे. डिसेंबर 2023 मध्ये पगाराच्या वादातून स्वॅलोजचा संघ लागोपाठ दोन सामन्यांना मैदानात उतरलाच नाही. कायझर चीफ्स आणि ऑरलँडो पायरेट्स या दोन लोकप्रिय क्लबांचे सामने सोडले तर बहुतेक स्टँड रिकामे असतात. प्रक्षेपण हक्कांच्या पैशातून मिळणारे मासिक अनुदान हाच अनेक क्लबांचा मुख्य आधार, आणि ते अव्वल श्रेणीत असेपर्यंतच पूर्ण मिळते. अशा क्लबाला जागा विकू दिली नाही, तर तो टाळे लावील आणि खेळाडूंची थकबाकी बुडेल.

कॉर्नर फ्लॅग :
टाळे लागले तर दुसऱ्या श्रेणीतून एक संघ जास्त वर आणावा. जागा खेळून मिळते, ती मालकाची वडिलोपार्जित जमीन नव्हे. शिवाय घेणारा तरी टिकतो का? 2021 साली ब्लूमफाँटेन सेल्टिकची जागा रॉयल एएमने घेतली आणि क्लब क्वाझुलू-नताल प्रांतात नेला. पुढे मालकिणीच्या करथकबाकीच्या प्रकरणात तो अडकला, सामने रखडले आणि 2025 मध्ये भर हंगामात लीगने त्याला बाहेर काढले. स्टँडमध्ये सामनाभर गात राहणारे सेल्टिकचे हिरवे-पांढरे समर्थक मात्र चार वर्षांपूर्वीच पोरके झाले होते.

बालेवाडीकर :
2019 साली आपल्या इंडियन सुपर लीगमधली पुणे सिटीची जागा हैदराबादला गेली, तेव्हा आम्हीही हेच अनुभवले. मात्र आपल्याकडे तेव्हा खाली जाण्याची व्यवस्थाच नव्हती, त्यामुळे कोणाची कमाई विकली गेली असे म्हणता येत नव्हते. तिथे ती विकली जाते.

खतावणी :
ब्लूमफाँटेनची गोष्ट आपण अर्धी सांगितली. 2025 मध्ये तीन वेळा विजेतेपद मिळवलेला प्रिटोरियाचा सुपरस्पोर्ट युनायटेड विकला गेल्यावर, त्याची जागा याच शहरात आली, आणि नव्या क्लबाने नाव घेतले ‘सिवेलेले’, म्हणजे सेल्टिकच्या त्या गाणाऱ्या समर्थकांचेच नाव. विक्रीवर बंदी असती, तर हे घडले नसते.

कॉर्नर फ्लॅग :
म्हणजे ब्लूमफाँटेनचे नुकसान प्रिटोरियाच्या खिशातून भरून काढले! बरे, पूर्ण बंदी नको असेल तर क्लब जरूर विकू द्यावा, पण नाव, शहर आणि रंग यांना हात लावू देऊ नये.

खतावणी :
या अटीवर स्वॅलोज कोणी घेतला असता, असे आपल्याला वाटते?

कॉर्नर फ्लॅग :
कदाचित कोणीच नाही. मग तो रीतसर खाली गेला असता, आणि गॅलंट्सला वर यायला सामने जिंकावे लागले असते.